मदत हवी आहे: इंजिनमधून खडखड आवाज, रविवारच्या आत जायला हवा

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री १०:४२)
जुनी गाडी आहे. गेल्या आठवड्यापासून इंजिनमधून खडखड सुरू झालीये, डब्यात नटबोल्ट घालून हलवल्यासारखी. आमचा गॅरेजवाला नुसतं ऐकून म्हणाला, हाफ इंजिन काढावं लागेल, बोअर-पिस्टन करू, आणि उघडलंच आहे तर क्रँकचंही बघू. आकडा ऐकून गाडी तशीच घरी आणली. रविवारी मामा येतायत, गाडी मूळची त्यांची, आल्या आल्या किक मारणार हे नक्की. त्याआधी आवाज जायला हवा. काय गेलं असेल आणि खर्च किती येईल? अनुभव असलेल्यांनीच सांगा. गूगल करून झालंय, अंदाजपंचे दाहोदरसे नको.

निवृत्त_आनंदी (१०:५८)
टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट. दुसरं काही नाही. माझी स्प्लेंडर २००३ ची आहे, तिला दर पावसाळ्यानंतर असाच आवाज येतो. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून सेट करून घ्या. गरम इंजिनवर करणाऱ्याकडे गाडी देऊ नका. टॅपेटने गेला नाही तर व्हॉल्व्ह चालवणारी टायमिंग चेन. तिला ताण देणारा दांडा आणि स्प्रिंग खालच्या बोल्टच्या आत बसतात, स्प्रिंग ढिली पडली की चेन सैल पडते आणि बाजूला आपटते. ती स्प्रिंग बदलायला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागतो. हाफ इंजिन वगैरे लुटालूट आहे.

पेठेतला (११:०५)
‘जुनी गाडी’ नावाचं मॉडेल कोणत्या कंपनीने काढलं होतं? गाडी कोणती, साल कुठलं, आवाज थंड असताना येतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत की चालताना, इंजिनच्या कुठल्या बाजूने? एवढं सांगितल्याशिवाय जो उत्तर देईल तो ज्योतिषी.

कृष्णाकाठ (११:११)
यामाहाची आरएक्स १०० आहे, टू-स्ट्रोक, ९४ ची. माझ्या प्रोफाइलच्या फोटोत दिसतेय की. आवाज सतत येतो.

पेठेतला (११:१३)
फोटोत तुम्ही गॉगल घालून टाकीवर बसला आहात, गाडीचं फक्त पुढचं चाक दिसतं. ‘सतत’ म्हणजे आयडलिंगलाही? बाकीच्या प्रश्नांची उत्तरं?

यामा_वेडा (११:२०)
९४ ची आहे? कागद क्लिअर? टाकीचा रंग ओरिजिनल आहे का? द्यायची असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, किमतीत घासाघीस करणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा (११:२६)
आनंदी काका, टू-स्ट्रोकले टॅपेट कुठून आणावं आता? 😂

निवृत्त_आनंदी (११:३४)
मी उत्तर दिलं तेव्हा गाडीचं नाव दिलेलं नव्हतं. वर्णन तंतोतंत टॅपेटचं होतं. तरी टायमिंग चेन बघून घ्यायला काय हरकत आहे?

पेठेतला (११:४१)
काका, व्हॉल्व्हच नाहीत तर ती चेन फिरवणार कोणाला? आरएक्सला फक्त रीड व्हॉल्व्ह असतो, कार्ब्युरेटर आणि सिलिंडरच्या मध्ये, पातळ पत्त्यांचा. हवा आत घेताना उघडतो, नंतर मिटतो. तो असा खडखडत नाही. पत्ती तुटली तर गाडी नीट चालतच नाही.

धकधक_३५० (बुधवार, सकाळी ७:१५)
आमच्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांना असल्या आवाजांची सवय असते, त्यामुळे गंमत वाटली. तुमच्याकडे टॅपेट नाहीत म्हणून सुखी आहात. आमच्याकडे झाकण उघडायचं, इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणायचा आणि पुशरॉड बोटांच्या चिमटीत धरून फिरवायचा. सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. गेज नाही, काही नाही, बोटांना कळतं. माझ्या वडिलांनी शिकवलं. नंतरच्या यूसीई इंजिनात आपोआप सेट होणारे हायड्रॉलिक टॅपेट आले आणि ही कला गेली. पुढची पिढी फक्त सर्व्हिस सेंटरला गाडी टाकून येणार. असो. इंजिनकडून क्लचला फिरवणारी प्रायमरी चेन बघितली का?

वऱ्हाडी_ठेचा (७:४०)
आरएक्सले प्रायमरी चेन बी नसते भाऊ, गिअर असते. 🙏

चावी_बारा_तेरा (८:०२)
कृष्णाकाठ, इंजिन उघडायच्या आधी या गोष्टी बघून ये, कोणालाही पैसे द्यावे लागणार नाहीत. गाडी न्यूट्रलमध्ये आयडलिंगला ठेव आणि क्लच पूर्ण दाब. आवाज बदलतो का? मग लांब स्क्रू ड्रायव्हर घे, मुठीचं टोक कानामागच्या हाडाला टेकव आणि पातं एकेका ठिकाणी लाव: सिलिंडर, डावीकडचं मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावरच्या चाकाचं) झाकण, उजवीकडचं क्लचचं झाकण. हात सायलेन्सरला लागू देऊ नकोस. सगळ्यात जोरात कुठे ऐकू येतो ते सांग. तिसरं, गेल्या दोन-तीन महिन्यांत गाडीचं काय काय काम झालंय? ‘त्याचा काय संबंध’ असं वाटलं तरी लिही. चौथं, टू-टी ऑइलचा, म्हणजे पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलचा, पंप चालू आहे की काढून टाकलाय?

कृष्णाकाठ (८:३०)
भाऊ, आवाज क्लच दाबल्यावर जवळपास बंद होतो. स्क्रू ड्रायव्हरचं संध्याकाळी करतो. पंप चालू आहे, ऑइलच्या टाकीतलं ऑइल कमी होत जातं. काम काही विशेष नाही. मागच्या महिन्यात क्लच प्लेट टाकल्या फक्त, क्लच घसरत होता म्हणून. गिअर ऑइल तेव्हाच बदललं. आवाजाचा त्याच्याशी संबंध नाही, कारण त्यानंतर बरेच दिवस गाडी मस्त चालली. आणि हो, ५० च्या आसपास एक वेगळा झर्र असाही आवाज येतो, तोही यातलाच असेल.

पेठेतला (८:३४)
‘काम काही विशेष नाही, क्लच काढून परत बसवला फक्त.’ वा.

चावी_बारा_तेरा (८:४९)
भाऊ नाही, ताई. उद्यमनगरात वडिलांचं लेथ आहे, दहावीपासून तिथेच हात काळे करतेय.

आता ऐक. आवाज कसला आहे यावर भांडत बसलं की भांडण संपत नाही, कारण तुझी खडखड आणि माझी खडखड वेगळी. तो कधी येतो आणि कधी जातो यावर मात्र सगळ्यांचं एकमत होऊ शकतं. पिस्टन बोअरमध्ये सैल झाला असेल तर थंड इंजिनला आवाज जास्त आणि पाचेक मिनिटं तापलं की कमी, कारण पिस्टन फुगतो. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग गेलं असेल तर खोल ठकठक येते, ताण दिला की वाढते, आणि क्लच दाबून ती जात नाही. मेन बेअरिंग घुमतं, रेस वाढवली की घुमणं वाढतं, फूटरेस्टमधून पायाला जाणवतं. घाटात चढावर किणकिण आली तर तो नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटण्याचा प्रकार, त्यात ठिणगीचं टायमिंग बघायचं आणि बाहेरून हवा कुठून खेचतेय का ते बघायचं.

तुझा आवाज क्लचच्या लिव्हरबरोबर येतो-जातो. क्लच दाबलास की इंजिन आणि गिअरबॉक्स सुटे होतात. म्हणजे जे काही खडखडतंय ते क्लच हाउसिंगपासून (प्लेट बसतात तो डबा) गिअरबॉक्सच्या शाफ्टपर्यंतच्या टापूत आहे. बोअर-पिस्टन त्या टापूत येत नाही. आणि हात लागलाय तोही तिथेच. सिलिंडर उघडू देऊ नकोस.

पेठेतला (९:१०)
ताई, निदान बरोबर असेलही, पण तर्कात एक भोक आहे. आयडलिंगला क्लच दाबला की इंजिनवरचा ताणही बदलतो, गिअरबॉक्सचं ऑइल घुसळायचं काम थांबतं. रेस किंचित वाढते. त्यामुळे क्रँकचा आवाजसुद्धा थोडा बदलू शकतो. ‘जवळपास बंद’ आणि ‘बदलला’ यात फरक आहे.

चावी_बारा_तेरा (९:१८)
मान्य, म्हणून तर स्क्रू ड्रायव्हर सांगितला. आणि त्याला क्रँकची शंका उरली तर प्लग काढून, डावीकडचं झाकण उघडून मॅग्नेट हाताने थोडा थोडा उलटसुलट हलवायचा. पिस्टन मधल्या उंचीवर असताना. मॅग्नेट हलतो पण पिस्टन सरकायच्या आधी हाताला ‘खट’ लागतं, असं असेल तर रॉड गेलाय. नाहीतर नाही. मॅग्नेटचा नट सैल आहे का तेही तेवढ्यात कळतं.

गोवा_वेस (११:२७)
कोणी पेट्रोलचा विषय का काढत नाही? इथेनॉल २० टक्के झाल्यापासून जुन्या गाड्यांची वाट लागलीये. ९४ साली ही गाडी बनवताना कोणाच्या डोक्यात इथेनॉल होतं? रबराचे पार्ट फुगतात, टाकीत पाणी धरतं, कार्ब्युरेटरमध्ये पांढरा थर. माझ्या स्कूटरचा फ्लोट अडकला. आवाज त्यातूनच येत असणार.

वऱ्हाडी_ठेचा (११:४४)
इथेनॉलनं गाडी मिस मारते, बंद पडते, समजलं. क्लच दाबला का इथेनॉल पयते काय?

गोवा_वेस (११:५०)
मी मूळ कारणाबद्दल बोलतोय. लीन मिश्रण, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, त्यातून इंजिन तापणं, त्यातून झीज. साखळी आहे ही.

पेठेतला (१२:०४)
साखळी बरोबर आहे, गाडी चुकीची आहे. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं लीन होतं हे खरं, कार्ब्युरेटरचा जेट बदलून बघता येतं. वेगळा धागा काढा, मी तिथे येऊन भांडतो.

निवृत्त_आनंदी (दुपारी १:३०)
९४ ची गाडी म्हणजे १५ वर्षं कधीच उलटली. नोंदणीचं नूतनीकरण केलंय का? दर ५ वर्षांनी करावं लागतं, आरटीओत गाडी दाखवावी लागते, पर्यावरण कर वेगळा. आवाजाचं नंतर बघा, आधी आरसी पुस्तक तपासा. विम्याच्या दाव्याच्या वेळी फार त्रास होतो, आमच्या शेजाऱ्यांचा झाला होता.

यामा_वेडा (१:४८)
काकांनी महत्त्वाचा मुद्दा काढला. कृष्णाकाठ, आरसीची वैधता किती आहे? म्हणजे मला किंमत ठरवायला बरं पडेल.

धकधक_३५० (२:२०)
टू-स्ट्रोकच्या गाड्यांना पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकावं. पंप काढून फेकून द्या. पंपावर भरवसा ठेवला की एक दिवस पिस्टन जाम. माझ्या मित्राच्या राजदूतला पंपच नव्हता, सरळ पेट्रोलमध्ये ऑइल, आयुष्यभर चालली.

चावी_बारा_तेरा (२:५५)
पंप काढायचा नाही. पंप इंजिनच्या वेगाप्रमाणे आणि थ्रॉटलप्रमाणे ऑइल देतो. तुम्ही लिटरला २० मिली सरसकट मिसळलंत की आयडलिंगला धूर आणि घाट उतरताना, थ्रॉटल बंद आणि इंजिन पळतंय अशा वेळी ऑइल पुरेसं पोचत नाही. कृष्णाकाठ, पंपाबद्दल मनात शंका असेल तर रविवारपर्यंत पेट्रोलच्या टाकीतही थोडं टू-टी घाल, धूर दिसेल पण इंजिन वाचेल. मामांना धूर आवडेलच.

कृष्णाकाठ (रात्री ८:१२)
पेपर फुटल्यासारखा निकाल आहे. उजवीकडच्या झाकणावर पातं ठेवलं की कानात खडखड, सिलिंडरवर अगदी हलका, डावीकडे जवळपास नाही. थंड-गरम काही फरक नाही. ५० चा झर्र आवाज उभ्या गाडीत येतच नाही, त्यामुळे कळला नाही.
आरसीची वैधता आहे, आणि गाडी विकायची नाहीये, मामांची आहे. आता गॅरेजवाल्याला काय सांगू? तो म्हणेल नेटवर वाचून आलात.

चावी_बारा_तेरा (८:४०)
त्याला काही सांगू नकोस, दुसऱ्याकडे जा. आरएक्सवर हात बसलेला एखादा म्हातारा मिस्त्री शोध, गावात असतोच. त्याला म्हण फक्त क्लचचं झाकण उघडा, माझ्यासमोर. गिअर ऑइल खाली काढाल ते स्वच्छ भांड्यात घ्या, टाकून देऊ नका. मग तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

क्लचच्या मधोमध जो सेंटर नट असतो त्याच्या खाली लॉक वॉशर असतो, त्याचा कान नटच्या बाजूवर वळवलेला हवा. वळवला नसेल तर नट हळूहळू सुटतो, आणि म्हणूनच ‘बरेच दिवस मस्त चालली’. दुसरं, हाउसिंग हाताने धरून आत-बाहेर आणि डावी-उजवीकडे हलव. फिरवताना गिअर आणि हाउसिंगमध्ये खेळ लागला तर रिव्हेट किंवा आतले झटके शोषणारे डॅम्पर ढिले. सरळ आत-बाहेर जास्त हललं तर मागे थ्रस्ट वॉशर आहे का बघ. तिसरं, हाउसिंगच्या ज्या बोटांमध्ये प्लेटचे दात बसतात तिथे खाचा पडल्यात का. काही लोक त्या खाचा कानशीने सरळ करतात, त्यासाठी हाउसिंग बाहेर काढतात, आणि परत लावताना पातळ वॉशर ऑइलला चिकटून टेबलावरच राहून जातो. आमच्या लेथवर असे वॉशर नसलेले क्लच बरेच येतात.

पेठेतला (८:५२)
आणि गिअर ऑइल कुठलं टाकलं होतं तेही विचारा. कारचं ऑइल असेल तर ओला, म्हणजे ऑइलात चालणारा, क्लच घसरू शकतो, मग लोक प्लेट बदलतात, परत घसरतो. डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA) लिहिलेलं हवं.

धकधक_३५० (९:१५)
आमच्या बुलेटच्या क्लचला...

वऱ्हाडी_ठेचा (९:१६)
भाऊ, झोपा आता.

कृष्णाकाठ (शुक्रवार, रात्री ९:०५)
झालं! मंडईमागे एक मिस्त्री आहेत, वयाने सत्तरीच्या पुढचे, दुकानाला पाटीसुद्धा नाही. त्यांनी आधी गाडी चालू करून क्लच दाबला, सोडला, आणि हसले. मी काही बोलायच्या आधी ‘कोणी उघडली होती?’ असं विचारलं.

लॉक वॉशर नवाच होता, पण कान सरळ. कधी वळवलाच नव्हता. नट बोटांनी फिरला. हाउसिंगच्या बोटांवर कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते, आणि मागचा वॉशर खरंच नव्हता. ऑइल उन्हात धरलं तर चंदेरी भुकटी चमकत होती, भांड्याच्या तळाला दोन बारीक तुकडेही. मिस्त्रींनी ते तुकडे चिमटीत घेऊन मला दाखवले आणि कागदात बांधून माझ्या खिशात घातले, म्हणाले त्याला नेऊन दे. गिअरचे दात त्यांनी भिंग लावून बघितले, शाबूत आहेत.

वॉशर आणि बुश पुण्याच्या नाना पेठेतून एका मित्राने एसटीने पाठवले. हाउसिंग बदललं नाही, मिस्त्री म्हणाले अजून एक प्लेटसेट निघेल. पॅकिंग, ऑइल, मजुरी सगळं धरून बाराशेच्या आत. हाफ इंजिनचा आकडा इथे लिहीत नाही, काकांना त्रास होईल.

खडखड गेली. पण ५० चा झर्र अजून आहे!! म्हणजे क्रँक असेल का?

चावी_बारा_तेरा (९:२०)
अरे थांब. चालत्या गाडीत एका ठरावीक वेगालाच येतो आणि पुढे-मागे जातो ना? तो बहुतेक इंजिनचा नाहीच. ठरावीक रेसला एखादा सैल पत्रा त्या कंपनाशी जुळतो आणि थरथरतो. सायलेन्सरच्या मागच्या टोकाला आतली जाळी धरून ठेवणारा एक बोल्ट आहे, तो घट्ट आहे का बघ. मग नंबर प्लेट, चेन कव्हर, मागचा मडगार्ड. कोणालातरी मागे बसव आणि त्याला एकेक पत्रा हाताने दाबायला सांग, सायलेन्सर सोडून.

निवृत्त_आनंदी (९:४१)
माझ्या स्प्लेंडरच्या चेन कव्हरचा असाच आवाज यायचा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून गेला. हे मात्र टू-स्ट्रोकलाही चालेल ना?

वऱ्हाडी_ठेचा (९:४३)
चालते काका. 🙏

कृष्णाकाठ (शनिवार, सकाळी १०:३०)
सायलेन्सरची जाळी. बोल्ट अर्धा बाहेर आला होता, जाळी बाहेर काढली तर काजळीने बुजलेली. रॉकेल मिळालं नाही, डिझेलमध्ये भिजत घातलीये. घासून लावतो. आनंदी काका, ट्यूबचा तुकडाही लावला, चेन कव्हरही थोडं वाजत होतं.

एक शेवटचं. क्लचच्या झाकणाखाली सकाळी ऑइलचा एक थेंब दिसला. पॅकिंग नवं आहे. परत उघडावं लागेल का? मामा उद्या ११ ला येतायत.

चावी_बारा_तेरा (१०:४४)
झाकणाचे स्क्रू गाडी तापून थंड झाल्यावर एकदा परत घट्ट कर, समोरासमोरचे, एका ओळीत नाही. ताकद लावू नकोस, ॲल्युमिनियमचे आटे लगेच निघतात. मग झाकण पुसून कोरडं कर आणि रात्री खाली पुठ्ठा ठेव. परत डाग पडला तर तो झाकणाच्या कडेचा आहे, किकच्या शाफ्टच्या सीलचा आहे की ड्रेन बोल्टचा, ते आधी बोटाने चाचपून बघ, मग उघडायचं ठरव. आणि हे गिअर ऑइल चारपाचशे किलोमीटरने टाकून दे, आत राहिलेली भुकटी त्याबरोबर जाईल.

यामा_वेडा (१०:५१)
मामांचा नंबर व्यनित पाठवता का?